एकाधिकार गेला, पण गेला कसा?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांचे कार्यकर्ते आज एकत्र बसले आहेत. सकाळपासून दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते आहे. काही जण म्हणतात, कापसाची एकाधिकार खरेदी होती तेच बरे होते, ती परत आणा. काही जण म्हणतात, सरकारने हात लावला की सोन्याची माती होते, तेव्हा साऱ्या योजना एकदम बंद करा. दोन्ही बाजूंना माझे जवळचे लोक आहेत आणि दोघांचेही दुखणे खरे आहे.

मला तिसरीच गोष्ट मांडायची आहे. योजना चांगली की वाईट, यावर वऱ्हाडात गेली पन्नास वर्षे वाद झाला. योजना बंद करायची तर ती कोणत्या रीतीने करायची, यावर मात्र कधी नीट बोलणे झाले नाही. एकाधिकार चालू असताना कापूसवाल्याचे नुकसान झाले आणि तो ज्या पद्धतीने गेला, त्यानेही झाले. या दुसऱ्या नुकसानीचा हिशेब आज मांडू.

योजना आली कशासाठी?

आज ज्यांचे वय तीसच्या आत आहे, त्यांनी एकाधिकार पाहिलेला नाही. म्हणून थोडक्यात सांगतो. १९७१ साली महाराष्ट्रात कच्चा कापूस खरेदीचा कायदा झाला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी सुरू झाली. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आपल्याच विदर्भातले, पुसदचे. सांगितले असे की व्यापारी आणि दलाल मिळून शेतकऱ्याला लुबाडतात. तेव्हा राज्यातला सगळा कापूस एकट्या सरकारने घ्यायचा, सरकारनेच तो जिनिंगमधून काढायचा, रुई आणि सरकी विकायची आणि नफा झाला तर तो शेतकऱ्याला वाटायचा. सरकारच्या वतीने हे काम आधी राज्य सहकारी पणन महासंघाकडे होते. १९८४ पासून ते कापूस उत्पादक पणन महासंघाकडे आले.

हेतूला नावे ठेवण्यासारखे काही नव्हते. पण कायद्यात एक मेख होती. शेतकऱ्याने आपला कापूस दुसऱ्या कोणाला विकायचा नाही आणि राज्याबाहेर न्यायचा नाही. पिकवणारे लाखो, घेणारा एक. अशा बाजारात भाव ठरत नाही, भाव सांगितला जातो.

पुढे काय झाले ते जुन्या माणसांना विचारा. खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांच्या रांगा, दोन-दोन, चार-चार दिवस मुक्काम. बैलांचा कडबा संपला तरी काट्यावर नंबर नाही. मग ग्रेडरची मर्जी. तोच कापूस सकाळी एका ग्रेडचा आणि दुपारी चहापाणी झाल्यावर वरच्या ग्रेडचा. माप झाले तरी पैसा हातात नाही, चुकारे हप्त्याहप्त्याने. म्हातारी माणसे अजून म्हणतात, "कापूस आमचा, काटा त्यायचा अन् तारीख बी त्यायचीच!"

ती तोट्यात का गेली?

भ्रष्टाचार झाला म्हणून योजना बुडाली, असे सर्रास सांगतात. भ्रष्टाचार झालाच. पण सगळे कर्मचारी हरिश्चंद्राचे अवतार असते, तरी ती बुडालीच असती. का, ते एका कल्पित हिशेबाने दाखवतो.

समजा, राज्यात १०० क्विंटल कापूस पिकला आणि योजनेचा भाव २,००० रुपये आहे. तेजीच्या साली बाहेर भाव २,२०० झाला. माल मध्य प्रदेशात, आंध्रात रातोरात पार होणार. पोलीस नाके लावा, काही करा. समजा ६० क्विंटल गेला, योजनेकडे ४० आला. क्विंटलमागे २०० प्रमाणे नफा झाला ८,००० रुपये. आता मंदीच्या सालात बाहेर भाव १,७०० आहे. आपल्याकडचा सगळा माल केंद्रावर येणार, वर शेजारच्या राज्यातला २० क्विंटल इकडच्या कुणाच्या तरी सातबाऱ्यावर चढून येणार. म्हणजे १२० क्विंटल, आणि क्विंटलमागे ३०० रुपये तोटा. एकूण तोटा ३६,०००. तेजीचा सगळा नफा निधीत टाकून ठेवला तरी एका मंदीचा खड्डा भरायला साडेचार तेज्या लागतील.

योजनेत किंमत-चढउतार निधी नावाची तरतूद खरोखरच होती. चांगल्या सालात साठवायचे आणि वाईट सालात वापरायचे, ही त्यामागची कल्पना. पण ज्या हौदाला भरायला सुताएवढी धार आणि रिकामे व्हायला हातभर भोक, तो हौद भरायचा कधी? त्यात निवडणुका आल्या की भाव बाजार पाहून नव्हे, मते पाहून जाहीर व्हायचा. तोटा अखेरीस हजारो कोटींच्या घरात गेला.

मग तीस वर्षे चालली कशी?

इथे खरा प्रश्न सुरू होतो. शेतकरी त्रासलेला आहे, तिजोरीला भोक पडले आहे, हे सगळ्यांना दिसत होते. तरी कायद्याला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत राहिली.

कारण सोपे आहे. योजनेचा तोटा सगळ्यांच्या डोक्यावर थोडा थोडा वाटलेला असतो आणि फायदा थोड्यांच्या पदरात भरपूर पडलेला असतो. ज्याचे थोडे जाते, तो हळहळतो आणि घरी जातो. ज्याचे सगळे जाणार असते, तो मंत्रालयाच्या पायरीवर बसून राहतो. महासंघाचे पदाधिकारी, केंद्रावरचा नोकरवर्ग, ज्यांच्या जिनिंगला सरकारी कापसाचे काम मिळत होते ते, आणि भाव जाहीर करून टाळ्या घेणारे पुढारी. यांतल्या प्रत्येकाला योजना उद्या हवी होती.

आणि शेतकरी? त्यालाही ती पूर्णपणे नको नव्हती. शिव्या देत होता, पण मंदीच्या सालात गिऱ्हाईक आहे, या भरवशावर पेरतही होता. ही गोष्ट लपवून चालणार नाही. माणूस मोडक्या खाटेवर झोपतो, कारण जमीन त्याहून थंड असते.

हा काही आपल्याच मातीचा गुण नाही. अमेरिकेचे उदाहरण घ्या. १९५४ मध्ये तिथे लोकर आणि अंगोरा शेळीचे केस पिकवणाऱ्यांना अनुदान देण्याचा कायदा झाला. कारण दिले, सैन्याच्या गणवेशाला लोकर लागते. १९६० मध्ये लोकर युद्धोपयोगी मालाच्या यादीतून निघाली. अनुदान मात्र चालूच. शेवटी १९९३ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करायचा कायदा झाला. आणि २००२ च्या शेती कायद्याने तेच अनुदान दुसऱ्या रूपात परत आणले! कारण संपले तरी योजना संपत नाही. एवढा शहाणा, श्रीमंत देश, पण शेळीच्या केसांपुढे हरला.

ती गेली, तेव्हा काय गेले?

२००२ च्या सुमारास महाराष्ट्र सरकारने खाजगी व्यापाऱ्याला कापूस खरेदीची वाट मोकळी केली. सक्तीची एकाधिकार खरेदी तिथे संपली. शेतकऱ्याचे भले व्हावे म्हणून नव्हे, तिजोरीत काही उरले नाही म्हणून. सरकारी खरेदी मात्र चालू राहिली. २००४ च्या विधानसभा निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी २,७०० रुपये भावाचे आश्वासन दिले. त्या हंगामात २,५०० रुपयांनी खरेदी झाली. केंद्राचा हमीभाव लांब धाग्याला १,९६० रुपये होता, म्हणजे राज्याने वर पाचशेच्या आसपास टाकले. पुढच्याच हंगामात, २००५-०६ मध्ये, तो वरचा आगाऊ बोनस काढून घेतला. भाव केंद्राच्या हमीभावावर आला, १,९८० आणि त्याखाली. एका सालात क्विंटलमागे पाचशे रुपये गेले.

राजेहो, पाचशे रुपये ही काही साधी गोष्ट नव्हती. पण त्याहून मोठे असे काही गेले, ते कोणी मोजले नाही. ही योजना तीन कामे करत होती, बरी-वाईट कशीही.

एक, मंदीत शेवटचे गिऱ्हाईक म्हणून उभी राहत होती.

दोन, सोसायटीचे पीककर्ज कापसाच्या चुकाऱ्यातून परस्पर कापून घेतले जात होते. शेतकऱ्याला ते खुपायचे. पण त्या कपातीच्या भरवशावर सोसायटी पुढच्या सालचे कर्ज देत होती. कापूस खाजगी व्यापाऱ्याकडे गेला तशी ही साखळी तुटली. वसुली अडली, सोसायटीचे दार बंद झाले आणि सावकाराचे उघडले.

तीन, जागतिक बाजारातल्या भावाचा धक्का ती स्वतःच्या अंगावर घेत होती. मूर्खपणाने घेत होती, पण घेत होती. ती हटल्यावर तो धक्का सरळ पाच एकर कोरडवाहूवाल्याच्या छातीवर आला. आणि काळ कोणता? २००२ मध्येच बीटी कपाशीला परवानगी मिळाली होती. बियाण्याची पिशवी महाग झाली, पेरणीचा खर्च चढला. खर्चाची जोखीम वाढत होती त्याच वर्षांत भावाची हमी खाली येत होती.

ही तीन कामे आता कोण करणार, हा प्रश्न बंद करणाऱ्याने विचारला नाही. शेतकऱ्याच्या आत्महत्येला कधी एकच कारण नसते आणि मी एकाच गोष्टीवर सारा दोष टाकणार नाही. पण पुढचा क्रम सर्वांसमोर आहे. डिसेंबर २००५ मध्ये राज्य सरकारला १,०७५ कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले. जून २००६ च्या अखेरीस पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. पुढच्या दाराने वाचवलेला पैसा मागच्या दाराने द्यावा लागला. फरक एवढाच की ज्या घराला तो हंगामात हवा होता, त्या घरी तो वेळेवर पोचला नाही.

अर्धवट बंद करणे

मी शेतकी शिकलेला माणूस आहे, म्हणून खताचेही सांगतो. ऑगस्ट १९९२ मध्ये केंद्राने स्फुरद आणि पालाशयुक्त खतांवरचे नियंत्रण उठवले. युरियावरचे मात्र ठेवले, उलट युरियाची किंमत थोडी उतरवली. डीएपी आणि पोटॅश एकदम महागले. शेतकऱ्याने काय केले? शहाण्या माणसाने जे करावे तेच. जे स्वस्त ते जास्त टाकले. कपाशी हिरवीगार दिसायची, वाढ नुसती कायिक, आणि मावा-तुडतुड्यांना मेजवानी. जमिनीतला तोल बिघडला तो आजतागायत सावरलेला नाही. सरकारला स्फुरद-पालाशावर पुन्हा सवलत द्यावी लागली ती लागलीच. दोन बैलांपैकी एकाचेच जू काढले, तर गाडी हलकी होत नाही, ती तिरपी जाते.

रात्रीत बंद होणारी धोरणे

कोणी म्हणेल, सरकारला काही बंद करणे जमतच नाही. चूक! कोणाचे बंद करायचे आहे, त्यावर ते आहे.

५ मार्च २०१२ रोजी कापसाची निर्यात एका फटक्यात बंद झाली. ओरड झाली तेव्हा आठवडाभरात बंदी उठवण्याचा निर्णय झाला, पण तोवर बाजाराचा भाव ढासळायचा तो ढासळला होता. गेल्या काही वर्षांतले पाहा. २०२१ च्या अर्थसंकल्पाने आयात कापसावर ११ टक्के शुल्क बसवले. २०२२ मध्ये ते काही महिने माफ केले. मे २०२५ मध्ये लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला, तो ऐकून आपण मृगाची वाट पाहिली आणि पेरले. १८ ऑगस्टला अधिसूचना निघाली आणि आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ झाले. दहा दिवसांत ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. तेव्हा आपल्या कपाशीला पात्या-फुले होती, काही शेतांत बोंडे धरत होती. आता शेतकऱ्याने काय उपटून पुन्हा तूर पेरायची?

गिरणीवाल्याला सूत स्वस्त हवे, हे मला समजते. अमेरिकेने आपल्या मालावर कर वाढवला, हेही समजते. पण शेतकऱ्याचा निर्णय वर्षातून एकदा, जूनमध्ये होतो. त्यानंतर बदललेले प्रत्येक धोरण म्हणजे डाव मांडल्यावर नियम बदलणे आहे.

न विचारता आणि विचारून

२०२० चे तीन कृषी कायदे आठवा. ते बरे होते की वाईट, यावर आपल्या बैठकीतही दोन मते आहेत आणि तो वाद आज नको. फक्त रीत पाहा. जूनमध्ये वटहुकूम, सप्टेंबरमध्ये कायदे. पंजाबच्या शेतकऱ्याला वाटले, उद्या गहू-तांदळाची सरकारी खरेदी जाईल. लेखी हमी देऊ, ही भाषा तो दिल्लीच्या वेशीवर येऊन बसल्यावर निघाली. १९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागे घेण्याची घोषणा झाली. विश्वास आधी पेरावा लागतो, आंदोलन उभे राहिल्यावर तो उगवत नाही.

उलट उदाहरण न्यूझीलंडचे. १९८४ मध्ये त्या सरकारने शेतीची अनुदाने काढायला सुरुवात केली. मेंढपाळांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा त्यांवर होता. शेकडा दहा शेतकरी बुडतील, असे भाकीत झाले. प्रत्यक्षात शेकडा एकाच्या आसपास लोकांना शेती सोडावी लागली. कारण तिथे एकट्या शेतकऱ्याचे अनुदान काढले नाही. चलन मोकळे केले, बाकीच्या धंद्यांचे संरक्षणही कमी केले, कर्जात सूट दिली आणि शेती सोडणाऱ्याला एकरकमी मदत दिली. त्यांची शेते मोठी, पाऊस भरवशाचा, पाठीशी शिल्लक. आपल्याला त्यांची नक्कल करता येणार नाही. पण ओझे आणि आधार दोन्ही बरोबर काढायचे, एवढे त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

आपण काय मागायचे?

एकाधिकार परत आणा म्हणणाऱ्यांना मी सांगेन, सक्ती परत आली की ती गळतीही परत येईल आणि चुकाऱ्याची रांगही. सगळे एकदम बंद करा म्हणणाऱ्यांना सांगेन, जळके छप्पर काढायलाच हवे, पण पावसाळ्यात आणि खाली लेकरे झोपली असताना नाही. म्हणून माझी सूचना अशी की कोणतीही योजना वा धोरण बंद करताना किंवा बदलताना सरकारने पाच अटी पाळाव्यात, असा एकच ठराव दोन्ही जिल्ह्यांनी करावा.

पहिली अट, बंद करण्याआधी हिशेब छापा. पैसा किती गेला आणि कोणाच्या घरी गेला.

दुसरी, ती योजना प्रत्यक्षात कोणती कामे करत होती याची यादी करा आणि प्रत्येक कामापुढे पुढे ते कोण करणार त्याचे नाव लिहा. नाव नसेल तर बंद करू नका.

तिसरी, जे सांगायचे ते मृगाच्या आधी सांगा. पेरणीनंतर त्या हंगामापुरते काहीही बदलायचे नाही, ना आयात, ना निर्यात, ना साठ्याची मर्यादा.

चौथी, आधार काढायचा तर शेतकऱ्यावरचे बंधनही त्याच दिवशी काढा. हमी गेली पण निर्यातबंदीचा अधिकार राहिला, असे नको.

पाचवी, योजनेवर ज्यांचे पोट आहे त्या नोकरांची सोय आधी लावा. ही दया नाही, व्यवहार आहे. त्यांना वाऱ्यावर सोडले की ते बंद होऊ देत नाहीत आणि दहा वर्षांच्या मुदतवाढीचा खर्च त्यांच्या भरपाईपेक्षा जास्त होतो.

आणि सगळ्याच गोष्टी बंद कराव्या लागतात असेही नाही. रेशनवर गहू-तांदूळ जानेवारी २०२३ पासून फुकट मिळतो आणि आपल्या ज्वारीला गिऱ्हाईक उरत नाही. रेशन बंद करा म्हणायला मी धजणार नाही, गरिबाच्या घरी चूल त्यावर आहे. पण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य लिहिलेले आहे. त्या ओळीप्रमाणे वऱ्हाडातली ज्वारी वऱ्हाडाच्या रेशनवर द्या, ही मागणी योजना न मोडता तिची दिशा बदलते.

ठराव कागदावर राहू नये म्हणून प्रत्येक तालुक्याला एक काम देतो. सीसीआयच्या खरेदीचेच घ्या. हल्ली तिची नोंदणी मोबाइलवर होते. रांग पूर्वी केंद्रासमोर होती, आता ती फोनमध्ये आहे. उद्या ही खरेदी आटली तर तुमच्या गावात काय काय अडेल? किती घरांनी गेल्या हंगामात सीसीआयला कापूस दिला, किती खेडा खरेदीत गेला, ओलाव्याच्या नावाखाली किती गाड्या परत आल्या, चुकारा किती दिवसांत आला आणि त्यातून पीककर्ज किती घरांनी फेडले, एवढे पाच आकडे गावोगाव लिहून आणा. अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर, अंजनगाव, धामणगाव, बाळापूर, कोणताही तालुका सुटायला नको.

२००२ मध्ये असा कागद कोणाच्याच हाती नव्हता, म्हणून तीन कामे गेली आणि ती गेल्याचे कळायला पॅकेज यावे लागले. या वेळी यादी आपल्याकडे आधी तयार असली पाहिजे. पुढच्या बैठकीला येताना भाषणे कमी आणा, आकडे आणा.